माझ्या तंबाखूला चित्र नव्हतं

सई, निषाद,

गेल्या वर्षी तुम्हाला सांगितलं होतं की आजीच्या दाढेचं ऑपरेशन झालं, म्हणून तिचे शब्द जरा घसरतात. ते पूर्ण खरं नव्हतं. दाढ गेली, पण तिच्याबरोबर जबड्याच्या हाडाची कड आणि गालाच्या आतला एक तुकडाही गेला. तिथे कॅन्सर होता. तो तंबाखूने झाला होता, आणि ती तंबाखू मी रोज स्वतःच्या हाताने लावत होते.

तुमच्या आईला हे माहीत आहे. 'मुलांना एवढ्यात नको सांगायला,' असं तीच म्हणाली, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. आता तपासण्या चांगल्या येत आहेत. तुम्हाला फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा जळगावच्या उन्हाबद्दल बोलत बसले. लिहिताना समोरच्याचा चेहरा दिसत नाही, तेवढी सोय आहे. हे पुढे कोणाला वाचायला द्यावंसं वाटलं तर द्या. घरात एखादी आजी, आत्या, मावशी असतेच.

मंजन

मी चौदा वर्षांची असताना धुळ्याला, माझ्या माहेरी, माझी दाढ खूप दुखली. आईने तव्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजली, खलात कुटली आणि ती पूड माझ्या बोटावर ठेवली. हिरडीला चोळ म्हणाली. डोकं गरगरलं, ओकारी झाली, पण दाढ थांबली. याला मशेरी म्हणतात, आपल्याकडे मिसरी. माझी आई, काकू, शेजारच्या दोघीतिघी सकाळी मागच्या ओट्यावर बसून दात घासत, गप्पा मारत. घरात तिला कोणी तंबाखू म्हणत नव्हतं. मंजन म्हणत.

मी पुढे बी.ए. झाले, इंग्रजी घेऊन. लग्न होऊन जळगावला आले, मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मिसरी बरोबर आली. फक्त ओट्यावरून न्हाणीघरात गेली. पावडरच्या जुन्या डब्यात ती ठेवायची, पहाटे दार लावून घ्यायची, नंतर पेस्टने दात घासायची, वेलची चघळायची. तुमचे आजोबा ऑफिसला गेले की महिन्यातून एकदा तवा चढवायचा आणि सगळ्या खिडक्या उघडायच्या. गावाकडच्या बायकांचं हे काम, शिकलेल्या बाईला शोभत नाही, म्हणून मी ते लपवत होते. ते वाईट आहे म्हणून लपवत नव्हते. हा फरक मला फार उशिरा कळला.

माझी जाहिरात मोहीम

तुमचे आजोबा सिगारेट ओढायचे हे तुम्हाला माहीत आहे. जेवणानंतर गच्चीवर एक, आणि ऑफिसात किती ते त्यांनाच ठाऊक. त्यांची सिगारेट सुटावी म्हणून मी जे केलं त्याची मला आता सर्वांत जास्त लाज वाटते.

थिएटरात सिनेमाआधी धूम्रपानविरोधी जाहिरात लागली की मी त्यांना कोपराने ढोसायची. ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची, "बघा, बघा. नीट बघा." पुढच्या रांगेतली माणसं वळून पाहायची. पाकिटांवर ती भयंकर चित्रं यायला लागली तेव्हा मी ती कात्रीने नीट चौकोनी कापून त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. दार उघडलं की शर्टांच्या शेजारी सडलेला जबडा. मास्तरीणच मी, ओळीने लावली होती.

त्यांनी पहिल्यांदा सोडली ती सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी. तीन दिवस टिकली. दुसऱ्यांदा चित्रांनंतर, आठवडाभर. पुढे आणखी दोनदा. मग त्यांनी एक स्टीलची डबी आणली. पाकीट आणलं की सिगारेटी डबीत आणि पाकीट कचऱ्यात, म्हणजे चित्र बघायला नको. मी त्यांना म्हटलं, "इतकी साधी गोष्ट जमत नाही तुम्हाला? मनाचा निग्रह म्हणून काही असतो की नाही?"

हे म्हणताना माझ्या हिरडीवर सकाळची मिसरी होती.

शाळेतही मीच पुढे. तंबाखूमुक्तीची प्रभात फेरी, शपथ, चित्रांची स्पर्धा, सगळं माझ्याकडे असायचं. मुली विडी ओढणारे बाबा आणि गुटखा खाणारे काका काढायच्या. एकाही मुलीने आई काढली नाही, आणि मला ते खटकलंही नाही. टीव्हीवरही तेच. पुरुष खोकतो, बायको पदराने डोळे पुसते. मी ती जाहिरात बघताना स्वतःला त्या बायकोच्या जागी बसवायची. शिवाय माझी तंबाखू दुकानातून सुटी यायची, जुन्या वर्तमानपत्रात बांधून. तिला पाकीट नव्हतं, म्हणून चित्रही नव्हतं.

शेवटी आजोबांची सिगारेट सुटली ती रेडिओवरच्या एका जाहिरातीने. तिच्यात ना रक्त होतं ना फुप्फुस. एक माणूस हसत सांगायचा की त्याने नऊ वेळा सिगारेट सोडली आणि नवव्यांदा ती टिकली, तुमची ही कितवी वेळ? आजोबा दाढी करता करता थांबले आणि म्हणाले, "माझ्या तर चारच झाल्यात." त्या दिवशी त्यांनी पाकिटावर छापलेल्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या मुलीने विचारलं, सर्वांत अवघड सिगारेट कोणती? जेवणानंतरची, म्हणाले. तिने सांगितलं, शेवटचा घास संपला की जागेवरून उठा आणि हात कामात घाला. तेव्हापासून आपल्याकडे रात्रीची भांडी ते घासतात. तुम्ही त्यांना त्यावरून चिडवता. आता कारण कळलं.

मी मात्र सगळ्यांना सांगत फिरले, "माझ्या चित्रांनी सुटली."

टिकमार्क

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर खालच्या हिरडीच्या बाहेर, गालाच्या खोबणीत, एक पांढरा चट्टा दिसला. मग तो चरचरायला लागला. भरीत खाताना डोळ्यांत पाणी यायचं. मी त्यावर काय लावलं असेल? मिसरीच. तिने बधिर व्हायचं.

जळगावातल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे गेले. तिथे फॉर्म भरायला माझी जुनी विद्यार्थिनी प्रतिभा बसली होती. चित्रांच्या स्पर्धेत तिला बक्षीस मिळालं होतं. मला बघून खुर्चीवरून उठलीच.

"बाई! बसा ना. मी भरते फॉर्म." वय, पत्ता, रक्तदाब, साखर. मग ती हसली. "तंबाखू, सिगारेट... बाई, तुम्हाला काय विचारायचं! तुम्हीच तर आम्हाला शपथ द्यायच्या." आणि तिने 'नाही'वर खूण केली.

मी गप्प बसले. तो क्षण मी नंतर पुष्कळदा तपासला. माझ्याकडे वेळ होता. ती पुढच्या ओळीवर जाण्याआधी पेनाचं टोपण तिने खाली पाडलं, वाकून उचललं. तेवढ्या वेळात एक वाक्य सहज बोलता आलं असतं. मी म्हटलं, "अजून किती प्रश्न आहेत?"

डॉक्टरांनी फॉर्म पाहिला. दाढेची धार लागत असेल म्हणाले, ती घासून दिली आणि बजावलं की पंधरा दिवसांत बरं झालं नाही तर नक्की या, तुकडा काढून तपासू. बरं झालं नाही. मी गेले नाही. पुन्हा प्रतिभासमोर बसायचं होतं ना! असे चार महिने गेले. डॉक्टरांचा काही दोष नव्हता. त्यांना जे कळायला हवं होतं ते मी सांगितलं नव्हतं.

धुळे

शेवटी आजोबाच म्हणाले, "तू एका बाजूने जेवतेस. चल, दाखवू कुठेतरी." मी धुळे म्हटलं. त्यांना वाटलं माहेरची ओढ. खरं कारण वेगळं होतं. जळगावात दर दुसऱ्या गल्लीत माझी एक विद्यार्थिनी आहे. धुळ्यात आता मला ओळखणारं कोणी उरलेलं नाही.

एस.टी.ने गेलो. पारोळ्याला त्यांनी चहा आणला. मला गरम लागला म्हणून मी तो खिडकीतून ओतला आणि म्हटलं, गोड होता.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि तंबाखूचं नावही न काढता विचारलं, "मिसरी किती वर्षं लावता?"

मी म्हटलं, "तुम्हाला कसं..."

"तंबाखू खाता का विचारलं की बायका नाही म्हणतात. खोटं बोलतात असं नाही, त्यांना तसंच वाटतं. म्हणून मी आता मिसरीच विचारतो."

आजोबा माझ्या शेजारीच बसले होते. मी इंग्रजीत उत्तर दिलं. पूर्ण वाक्य, व्याकरणशुद्ध, चौदाव्या वर्षापासून वगैरे. मला लाज वाटली की मी इंग्रजीत शिरते. तिथे ती बाई कोणी दुसरी असल्यासारखी वाटते. डॉक्टरांनी मराठीत लिहून घेतलं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीवर दातांचा एक तक्ता होता, तो वाचत राहिले.

डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. त्या दिवसाचं मला फार आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, "लवकर सापडला म्हणता येणार नाही, पण हाताबाहेरही गेलेला नाही." बाहेर आल्यावर आजोबांनी विचारलं, "भूक लागलीय का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मलाही नाही," आणि आम्ही तरीही एका हॉटेलात जाऊन दोन ताटं मागवली आणि तशीच ठेवून उठलो.

त्यांनी मिसरीबद्दल एक शब्दही विचारला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मला वाटलं, माणसाला इतका धक्का बसला आहे की बोलता येत नाही. एवढी वर्षं एका घरात राहून मी त्यांना फसवलं, आणि वर त्यांच्या कपाटात चित्रं लावली. रात्री ते रजई माझ्या अंगावर नीट करायचे तेव्हा मी झोपल्याचं सोंग घ्यायची.

वॉर्ड

ऑपरेशनचं मी लिहीत नाही. मी झोपले होते. नंतर नाकात नळी, मान वळत नाही, थुंकी गिळता येत नाही, बोलायचं ते पाटीवर लिहायचं. सकाळी पाच वाजता नर्स दिवे लावायची आणि बरोबर त्याच वेळी माझं बोट हिरडी शोधायचं. तोंडात टाके असताना! शरीराला लाज नसते हे मला तेव्हा समजलं. आजोबांच्या चार वेळा मग मला आठवल्या. 'इतकी साधी गोष्ट' हे माझेच शब्द माझ्या कानात वाजायचे. एकदा पाटीवर लिहून मी त्यांची माफी मागितली, चित्रांबद्दल. ते वाचून म्हणाले, "अगं, त्या चित्रांनी मी डबी आणली, बाकी काही नाही. घाबरलेला माणूस आधी लपतो." मी पाटी पुसली.

शेजारच्या खाटेवर भडगावकडची, अहिराणी बोलणारी सुपडाबाई होती. माझ्याच वयाची, तेच ऑपरेशन, माझ्या आधी आठवडाभर झालेलं. तिला बोलायला लागून दोनच दिवस झाले होते आणि आठवड्याभराचं तुंबलेलं ती बाहेर काढत होती.

"तू मास्तरीन शे का?" तिने मला विचारलं. मी मान हलवली.

"मंग तुले कोनी सांगं नही का?"

मी पाटीवर काही लिहिलं नाही. तिला वाचता येत नव्हतं, हे निमित्त.

"माले तं कोनीच सांगं नही," ती म्हणाली. "मनी माय लावे, मनी सासू लावे. गावन्या बठ्ठ्या बाया लावतस." बठ्ठ्या म्हणजे सगळ्या. मग वॉर्डातल्या टीव्हीकडे हात केला. तिथे सिगारेटविरोधी जाहिरात लागली होती. "हाई देख. बठ्ठा माणसेच शेतस. बाया कोठे शेतस?"

मी इंग्रजीची पदवीधर, शाळेत एवढी पोस्टरं लावली. जे मला इतकी वर्षं दिसलं नाही ते हिने खाटेवर पडल्या पडल्या पाहिलं.

तिची सून रोज केळी कुस्करून आणायची, दुधात अगदी पातळ करून. माझी नळी निघाली त्या दिवशी सुपडाबाईने तिच्या वाटीतलं अर्धं माझ्या वाटीत ओतलं. "खा. साखर नही टाकी, तरी गोड शे." कितीतरी दिवसांनी तोंडातून गेलेला तो पहिला घास. त्यापेक्षा चांगलं मी काही खाल्लेलं नाही.

दोनदा

घरी आल्यावर मी दोनदा मिसरी लावली. हेही लिहिते, नाहीतर या कागदाचा उपयोग नाही. डबा फेकून दिला होता, पण न्हाणीघराच्या फळीवर, कोपऱ्यात, थोडी पूड सांडलेली होती. ती मी ओल्या बोटाने टिपली. फळीवरची पूड, एकाहत्तर वर्षांची बाई, तोंडात ताजी जखम. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी फळी धुतली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना मी आपण होऊन सांगितलं, मराठीत. त्यांनी विचारलं, "किती वेळा?" दोनदा म्हटलं. "सांगितलंत, बरं केलंत," म्हणाले आणि शांतपणे मला समुपदेशन करणाऱ्या ताईंकडे पाठवलं. त्यांनी आजोबांना काम दिलं. आता पहाटे पाचला ते चहा ठेवतात आणि न्हाणीघराचं दार वाजवतात, "झालं का? निवतोय." रोज. कधी कधी मी चिडते. पण दार उघडते.

कॅमेऱ्यासमोर

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तर सुपडाबाईही आली होती. समुपदेशनाच्या ताई म्हणाल्या की बायकांसाठी त्या लहानशा चित्रफिती करत आहेत. दवाखान्याच्या हॉलमध्ये आणि गावोगावच्या बाजाराच्या दिवशी दाखवायच्या. आम्ही दोघी बोलू का?

सुपडाबाई लगेच पदर सावरून बसली. मी विचारलं, "चेहरा झाकून चालेल का?"

"चालेल आजी. पण मग बायकांना वाटतं, काहीतरी वाईट चालीचं काम होतं."

मी म्हटलं, विचार करून सांगते.

सुपडाबाईकडून त्यांनी तीन वाक्यं पाठ करून घेतली. मी मिसरी लावत होते. ती तंबाखूच असते हे मला माहीत नव्हतं. तुम्ही लावू नका. सुपडाबाई पहिल्या वाक्याला अडली, मग तिला हसू आलं, मग ऑपरेशनचा गाल दुखला. तिसऱ्या खेपेला तिने माझ्याकडे बोट केलं. "तूच बोल ना माय. तुले येस."

ताईंनी मोबाइल माझ्याकडे वळवला. मी चष्मा काढला, पुन्हा घातला. पहिलं वाक्य म्हटलं. शब्द घसरले, पण म्हटलं. दुसऱ्या वाक्याला थांबले.

"हे मी म्हणणार नाही," मी सांगितलं.

"का आजी? 'माहीत नव्हतं' म्हटलं की बायकांना जवळचं वाटतं."

"सुपडाबाईंना नव्हतं माहीत. त्यांनी म्हणावं. मी मुलींना शपथ देत होते. मला माहीत होतं."

ताई गोंधळल्या. "पण मग... लोक काय म्हणतील तुम्हाला?"

"जे म्हणायला हवं तेच म्हणतील. घ्या."

आणि मी बोलले. मी शाळेत शिक्षिका होते. मी मिसरी लावत होते. ती तंबाखू असते हे मला माहीत होतं, तरी लावत होते आणि लपवत होते. तुम्ही लपवत असाल तर आज कोणाला तरी सांगा. एवढंच. बोलून झाल्यावर पाहिलं, दोन्ही हात मी मांडीखाली घेतले होते.

दाराशी आजोबा उभे होते, हातात माझी फाइल आणि पाण्याची बाटली. ते कधी आले मला कळलं नाही. मला वाटलं, आता घरी गेल्यावर ते बोलतील, इतक्या महिन्यांनी. पण ते तिथेच बोलले.

"मलाही माहीत होतं."

ताईंनी मोबाइल खाली केला. "काय, आजोबा?"

"हिची मिसरी. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं होतं. वास लपतो होय?" ते माझ्याकडे न बघता ताईंना सांगत होते. "हिला लाज वाटेल म्हणून मी कधी विषय काढला नाही. बाईमाणसाचं मंजन म्हणून सोडून दिलं. माझी सिगारेट सुटली तेव्हा एकदा वाटलं होतं, हिलाही तो नंबर द्यावा. दिला नाही." मग म्हणाले, "हे तुमच्या त्यात घेता येईल का?"

एवढी वर्षं एकाच दाराच्या दोन बाजूंना आम्ही दोघं गप्प उभे होतो.

सुपडाबाई खुर्चीवरून उठली आणि त्यांना म्हणाली, "बस भाऊ." ते माझ्या शेजारी बसले, फाइल मांडीवर ठेवली, शर्टाची कॉलर सरळ केली. ताईंनी आम्ही दोघं मावावं म्हणून मोबाइल आडवा धरला.

"कुठे बघायचं?" त्यांनी मला विचारलं.

— आजी